टोकावड्यात आजोबांनी नको म्हटलं

किन्हवली मागे पडेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. आमच्या घरात एवढा वेळ कोणी बोललं नाही, म्हणजे समजायचं की सगळ्यांना एकदमच बोलायचंय. शेवटी आजीने बाजी मारली.

"परत येकदा सांगते. टोकावड्याला जाऊन कंबर मंडळाचं नाव काडायचं नाय. कोनीच नाय. मेघे, तू तर तोंडच उघडू नको."

"मी काय केलं?"

"अजून नाय केलं, म्हनून आदीच सांगते."

पप्पा गाडी चालवत होते, म्हणून त्यांना मान न वळवण्याचं चांगलं कारण होतं. पुढे त्यांच्या शेजारी आजोबा, नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. मधल्या सीटवर आजी आणि आई, दोघींच्या मध्ये गुळाच्या ढेपेचा डबा. मागे मी आणि समीक्षा आत्या, जिचं लग्न ठरवायला आम्ही निघालो होतो. आत्याने साडीची निरी मुठीत इतकी घट्ट धरली होती की जणू गाडीला दुसरा ब्रेक तोच होता.

"लगीन ठरायच्या दिवशी आजारपन सांगत नाय कोनी," आजी म्हणाली. "पोरीच्या घरात साखर हाय म्हनतील. उद्या तिच्या पोरांना पन होईल म्हनतील. येकदा अक्षता पडल्या का मग सांगा, गावभर दवंडी पिटा."

"पण बाबांनी तिथं गोड खायचं नाही," आई म्हणाली. हळू, पण म्हणाली.

"मग काय सांगायचं त्यांना?"

"काहीच नाही. नुसतं नको म्हणायचं."

आजोबा पुढे बघूनच बोलले, "जमतंय मला. बुधवारी बघितलाव ना?"

आजीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बुधवारचं नाव काढलेलं तिला खपत नव्हतं.

बुधवारचं सांगायला हवं. आजोबांची कंबर, दाब, साखर, रक्तातली चरबी, आणि चरबीतली ती चांगली म्हणतात ती चरबी, या पाचांपैकी चार बिघडलेल्या. पाचांपैकी तीन बिघडल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात आणि आमचं गाव 'तीनवाला' म्हणतं. आजोबा चारवाले. आई तीनवाली. आजीला दोनच, त्यामुळे तिला मंडळात प्रवेश नाही, आणि याचा तिला अभिमान वाटतो की राग येतो, ते अजून ठरायचंय.

मागच्या वर्षी ठाण्याहून दोन ताया आल्या. दर बुधवारी शाळेच्या पडवीत बसून त्यांनी डोळखांबच्या आमच्या भागातल्या तीनवाल्या-चारवाल्यांना शिकवलं की डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो, पण पोट रोज आपल्याबरोबर असतं, तेव्हा त्याला आपणच सांभाळायचं. मग त्या गेल्या आणि पडवीतलं ते कंबर मंडळ आमच्या माणसांच्या हातात राहिलं. जाताना त्यांनी कंबर मोजायची एक कापडी टेप ठेवली आणि एक नियम. प्रत्येकाला एक जोडीदार, जो त्याच्या खाण्यावर, चालण्यावर आणि गोळ्यांवर लक्ष ठेवेल. नवरा-बायको एकमेकांचे जोडीदार होऊ शकत नाहीत, कारण ते एकमेकांचं ऐकत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्या. आजोबांना निघाली आई.

सून आणि सासरा! मला आठवतं तेव्हापासून आई त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलायची. "बाबांना म्हणावं, पान वाढलंय." मग मी आजोबांना सांगायचे, आणि ते मला म्हणायचे, "आलो म्हनावं." तिघंही एकाच खोलीत असायचो. आता हीच आई त्यांच्या ताटावर आडवा हात धरून म्हणायची, "बाबा, भात झाला." आणि आजोबा, ज्यांनी पूर्ण नोकरी एसटीचं स्टेअरिंग धरून घाटात कोणाला साइड दिली नाही, ते निमूट हात धुवायचे.

पण घरात जमायचं ते बाहेर जमेना. पाहुणे, हळदी, बारसं, पूजा. आग्रह झाला की आजोबा विरघळायचे. म्हणून मंडळाने नको म्हणण्याचा तास सुरू केला. एकाने वाढायचं, दुसऱ्याने नाकारायचं. उजवा हात छातीवर, नजर समोरच्याच्या नजरेत, आवाज गोड, वाक्य एकच: "तुमचा मान मोठा, पन नको." आणि कारण सांगायचं नाही, काही झालं तरी नाही! कारण सांगितलं की समोरचा ते खोडून काढतो. पोट भरलं म्हणालात तर तो म्हणेल थोडंच घ्या, डॉक्टर म्हणालात तर म्हणेल एक दिवसाने काय होतंय. आता वाढायला तगडं माणूस हवं, म्हणून मंडळाने आजीला बोलावलं. मेंबर म्हणून नव्हे, शत्रू म्हणून. आजी करंज्या घेऊन जायची आणि बुधवारमागून बुधवार सगळ्यांना लोळवून घरी यायची. आजोबा तर पहिल्याच करंजीला पडायचे.

आणि मागच्या बुधवारी ते जिंकले. आजीने शपथा घातल्या, डोळ्यांत पाणी आणलं, "माझ्या हातची शेवटची समजा" इथपर्यंत गेली. आजोबा छातीवर हात ठेवून उभे. पडवीत टाळ्या पडल्या. तेव्हापासून आजोबांना नको म्हणायची चटक लागली होती. शेजाऱ्यांनी पेपर वाचायला दिला तरी ते छातीवर हात ठेवायचे.

असा माणूस घेऊन आम्ही टोकावड्याला चाललो होतो.

*

"डायवर आला रे!"

पांडूशेठ धाब्याच्या पायरीवरूनच ओरडले. माळशेजच्या रस्त्याला लागून त्यांचा धाबा, मागे घर. आज धाबा बंद होता आणि अंगणात मांडव घातला होता. पांडूशेठ म्हणजे ओमकारचे वडील, आणि ओमकार म्हणजे आत्याचा होणारा नवरा. पोट त्यांच्या आधी पोचतं आणि हसू पोटाच्याही आधी. आजोबा आळेफाट्याची गाडी चालवायचे तेव्हा इथेच थांबायचे, आणि धाबेवाले ड्रायव्हरला फुकट खाऊ घालतात, गाडी आपल्याच दारात थांबावी म्हणून. म्हणजे आत्ताच्या या व्याह्यांनी माझ्या आजोबांना तरुणपणापासून वाढवलेलं. आजोबांची कंबर निम्मी तरी टोकावड्याची होती.

"बसा, बसा. आरं भजी आना! कांद्याची येगली, बटाट्याची येगली. डायवरला मिरची पन आवडते." मग ते जमलेल्या मंडळींकडे वळले. "तुमाला सांगतो, ह्यो मानूस बसला का कंडक्टर बाहेर घंटी वाजवून वाजवून दमायचा. पाशिंजर खाली उतरून वऱ्हाडासारखे ह्याला बघत ऱ्हायचे. ताट संपल्याबिगर घाट नाय!"

सगळे हसले. भज्यांचं ताट आलं. आजोबांनी उजवा हात छातीवर ठेवला.

"तुमचा मान मोठा, पन नको."

पांडूशेठ हसतच होते. हसता हसता ताट आणखी पुढे सरकवलं. आजोबांनी नजर हलवली नाही.

"नको."

"बरं, च्या तरी."

आता चहाही बिनसाखरेचा मागितला तर का म्हणून विचारणार. "च्या पन नको. पानी चालंल."

घराच्या दारात बायकांमध्ये उभ्या असलेल्या आईने मान एवढीशी हलवली. शाब्बास, असं. आजीने तिच्या दंडाला चिमटा काढला, तो मी पाहिला.

"गो, येक भजा खाल्लान तर मरतो काय?"

"आज भज्याला हो म्हटलं की पुढं श्रीखंडालाही हो होईल, आई."

"ठरू दे आज काय ठरायचं ते. मग बघते तुज्याकडं."

पप्पा म्हणाले, "मी गाडी सावलीत लावून येतो." गाडी सावलीतच होती.

*

त्या दिवशी कोणाच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मी नंतर एकेकाला गाठून काढून घेतलं. टोकावड्याच्यांनाही सोडलं नाही. समीक्षा आत्याला तर सगळ्यात जास्त छळलं, कारण त्या मांडवात सगळं माहीत असलेलं माणूस ती एकटीच होती.

आत्या शहापुरात मेडिकलमध्ये काम करते. ओमकार तिला भेटला तो काउंटरच्या पलीकडून. दर महिन्याला टोकावड्याहून शहापूरला यायचा, मुरबाडला ढीगभर मेडिकल असताना. एकदा तिने विचारलं, एवढ्या लांबून का? तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "वडलांच्या गोळ्या आहेत. साखरेच्या. आमच्याकडं कोणाला कळू द्यायचं नाहीये. धाब्याचा मालकच आजारी म्हटलं की लोकं काय म्हणतील, असं त्यांना वाटतं." आत्याने शब्द दिला की तिच्या तोंडून जाणार नाही. पुढच्या महिन्यात तो गोळ्या संपायच्या आधीच आला. त्याच्या पुढच्या महिन्यात दोनदा आला.

तेव्हा आत्याला पांडूशेठच्या गोळीचं नाव पाठ होतं, डोस पाठ होता. आपल्या वडलांची तर तीच गोळी होती. दोन्ही घरांत एकच आजार, दोन्ही घरांनी तो एकमेकांपासून लपवलेला, आणि दोन्हीकडच्या शपथा तिच्या गळ्यात. इकडे शब्द मोडला तर ओमकार गेला, तिकडे मोडला तर आजी. म्हणून ती मान खाली घालून बसली होती, आणि बायका एकमेकींना सांगत होत्या, "पोर लाजाळू हाय हां."

पंगत बसली. आजोबांनी उसळ घेतली, भाजी घेतली, कोशिंबीर दोनदा मागून घेतली. पांडूशेठ स्वतः श्रीखंडाचं पातेलं घेऊन आले.

"डायवर, हे नको म्हनलास तर बघ. घरच्या म्हशीचं हाय."

"तुमचा मान मोठा..."

"मान ठेव बाजूला! वाटी धर."

"...पन नको."

आता पांडूशेठचं हसू पोटाच्या मागे गेलं. त्यांनी पातेलं घेऊन स्वतःच्या पानावर बैठक मारली आणि सगळ्यांना दिसेल अशी एक वाटी संपवली. मग दुसरी. तिसरी अर्धी झाली तेव्हा ओमकारने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं त्याच्याच पोटात दुखतंय.

धाब्याच्या भटारखान्यात पांडूशेठ आणि जानकीबाई, म्हणजे ओमकारची आई, यांचं काय बोलणं झालं ते असं:

"त्याला कळला हाय."

"काय कळला?"

"माझा. साखरेचा. पोरगी मेडिकलात असते ना त्याची! एका मेडिकलवाल्याचा दुसऱ्याला कळतो. म्हनून मानूस माझ्या घरचं काय खात नाय. नकार द्यायला आलाय, पन तोंडानं बोलत नाय."

"मग आला कशाला एवढी मानसं घेऊन?"

"तोच तर डाव हाय. आपन मोडायचं, म्हंजे बोल आपल्यावर."

"आवो, दुसरं पन काय असंल. मी काडते बायकांकडून."

आणि जानकीबाई आमच्यात येऊन बसल्या. आजीच्या हातात विडा दिला आणि एकदम म्हणाल्या, "ओमकारला चष्मा हाय. डोल्यात घालायच्या काचा असतात ना, त्या घालतो. सांगायचं ऱ्हायलं."

आजीला कळेना याचं काय करायचं. "असू दे की."

जानकीबाईंनी आजीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हे नव्हतं तर. "न्हानपनी आंब्यावरनं पडला हुता. हाताला प्लेट हाय."

"बरा हाय ना आता?"

"बरा हाय." हेही नव्हतं. "झोपेत घोरतो."

"विहीनबाई," आजी म्हणाली, "सगलेच घोरतात."

"बारावीला येकदा बसला हुता परत. इंग्लिशला."

मी आत्याकडे पाहिलं. ती पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, सांगता आलं नसतं. आजी मात्र आईकडे सरकून कुजबुजली, "ह्यांच्या मनात काय तरी हाय. पोराचे दोष सांगतायत. ह्यांनाच नको दिसतंय."

म्हणजे आता दोन्ही बाजूंची खात्री झाली की समोरच्याला लग्न मोडायचंय. आणि मांडवात आजोबा एकटे खूश! भजी, चहा, श्रीखंड, तिन्ही ठिकाणी जिंकलेले. त्यांनी मला बोलावून कानात विचारलं, "मेघे, तुजी आय बघत हुती ना?"

*

आमच्याकडे लग्न ठरतं ते गुळावर. सुपारी फुटते, कुंकू लागतं, मुलीची ओटी भरतात, पण ते सगळं पुढे. आधी दोन घरचे थोरले समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या तोंडात गुळाचा खडा घालतात. खडा तोंडात गेला की शब्द दिला गेला. त्यानंतर मागे फिरायची सोय नाही.

सतरंजीवर आजोबा आणि पांडूशेठ समोरासमोर बसले. मध्ये पितळी ताटात गूळ, आमच्या डब्यातला आणि त्यांच्या घरचा. पुरुष गोल करून बसले, बायका दारात दाटल्या. ओमकार खांबाला टेकून उभा, नवा शर्ट पाठीला चिकटलेला.

माझी खात्री होती की इथे आजोबा खाणार. गुळाचं नको म्हणायचं असतं का कुठे? पण सवय झालेला हात मेंदूला विचारत नाही. पांडूशेठनी खडा उचलला. चांगला लिंबाएवढा, कारण धाबेवाल्याला लहान वाढता येत नाही. त्यांनी तो पुढे केला, आणि आजोबांचा उजवा हात आपोआप छातीवर गेला, नजर नजरेत गेली.

"तुमचा मान मोठा. पन नको."

 

आजोबांच्या लक्षात आलं, पण उशिरा. तोंड उघडं राहिलं, आणि आता ते उघडं तोंडही कामाचं नव्हतं, कारण पांडूशेठचा हात खाली गेला होता.

"बस," पांडूशेठ म्हणाले. "कळला मला."

"व्याही, तसा नाय..."

"व्याही म्हनू नको. सकालपासून बघतोय. माझ्या हातचं येक भजा शिवला नाय तू. ज्या मानसानं माझ्या धाब्यावर जिंदगी खाल्ली, त्यानं!" त्यांनी खडा ताटात टाकला. "सरल सांगायचा ना, डायवर. पोरीनं सांगितला ना तुला? मेडिकलात कळला ना?"

"काय कळला?"

"हो, हाय मला साखर!" पांडूशेठ उठून उभे राहिले आणि मांडवभर बघून ओरडले. "ऐका सगले. हाय मला. दाब पन हाय. गोल्या चोरून खातो, पोराला शहापूरला धाडतो. पन माझ्या पोराला काय नाय! त्याचं रक्त तपासा, पायजेल तर आत्ता तपासा. बापाच्या आजारानं पोराचं लगीन मोडू नका."

जानकीबाईंनी तोंडावर हात घेतला. ओमकार खांबापासून सुटला आणि वडलांच्या मागे येऊन उभा राहिला.

आजोबा खालून वर बघत राहिले. एसटी बंद पडल्यावर बॉनेट उघडून बघावं, तसे.

"पांडू, तुला पन?"

"पन म्हंजे?"

"आवो..." आजी दारातून म्हणाली. तिच्या या एका शब्दाने आमच्या घरात भिंतीवरची पाल थांबते. आजोबा थांबले नाहीत.

"मी चारवाला हाय, पांडू."

कोणालाच कळलं नाही. आजोबा गुडघ्यावर हात देऊन उठले, सदरा वर केला आणि सगळ्या मुरबाड तालुक्याला आपलं पोट दाखवलं. "कंबर. दाब. साखर. चरबी. पाचातली चार. पाचवी पन होती, ती चालून चालून सुधारली. म्हनून नको म्हनतोय सकालपास्नं. तुज्या भज्याच्या वासानं माझा जीव जात हुता रे!"

"मग सांगायचा नाय का?"

"कारन सांगायचं नाय असा नेम हाय मंडलाचा."

"कसला मंडल?"

आणि मग सगळं बाहेर आलं. आजोबा सांगायला लागले की थांबत नाहीत: पडवी, टेप, जोडीदार, करंज्या. आजीने कपाळाला हात लावला. टोकावड्याच्या मंडळींमध्ये कोणीतरी आधी फिसकन हसलं, मग दोघं, मग मांडवच हलला. एक पाहुणे उठून हळूच विचारून गेले, मला दाब आहे आणि पोट सुटलंय, मी कितीवाला.

हसले नाहीत ते पांडूशेठ. ते ताटापाशी परत बसले.

"आनि मी तीन वाट्या श्रीखंड खाल्ला," ते म्हणाले. "तुला दावायला, का मला काय नाय."

"दिसत हुता ना मला," जानकीबाई आतून म्हणाल्या. आवाजात राग होता आणि राग संपल्यावर काय येणार तेही होतं.

*

पण गूळ अजून ताटातच होता.

कोणीतरी म्हणालं, आता उरकून घ्या. आजोबांनी खडा उचलला आणि पांडूशेठच्या तोंडापर्यंत नेऊन थांबले. "तुला कसा घालू आता? तीन वाट्या झाल्यात तुज्या."

"मग माझा तू खा."

"माझी दुपारची गोली हाय अजून."

"बारका घे."

आजोबांनी खडा मोडला. पांडूशेठनी तो आणखी मोडला. समोर दोन म्हातारे गुळाचा भुगा करत बसलेले, आणि मागे माझी आत्या, जिचं लग्न त्या भुग्यावर अडलं होतं. दारात आजी धुमसत होती. "साखर नाय ती, गूल हाय! गुलाला काय हुतंय?" आमच्या मंडळात हा मुद्दा आजोबांनीच कधीचा मांडून पाहिला होता आणि सगळ्यांनी एकमताने फेटाळला होता.

पांडूशेठकडचे एक थोरले म्हणाले, "आजचा राहू द्या मग. परत बसू कधी तरी."

हे 'परत कधी तरी' ऐकल्यावर आत्याने पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि फार मोठे झाले होते. ओमकारने तिच्याकडे पाहिलं. आमच्याकडे परत कधी तरी म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं.

आणि तिच्याकडे आणखी एका माणसाने पाहिलं. आजोबांनी. मग त्यांनी हातातल्या चिमूटभर गुळाकडे पाहिलं, आणि वळून दाराकडे, बायकांच्या गर्दीकडे बघितलं.

"कमळ," त्यांनी हाक मारली.

आईचं नाव त्यांनी घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी काय, आईनेही ऐकलं नव्हतं. तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी कमळ आहे का म्हणून.

"खाऊ का गो?"

भर मांडवात, दोन तालुक्यांच्या पुरुषांसमोर, सासरा सुनेला विचारत होता. आजीचा चेहरा असा झाला की शत्रू म्हणून तिला परत कधी बोलावलं तर ती नक्की जिंकेल. आईने डोक्यावरचा पदर नीट केला. मला वाटलं ती माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, बाबांना म्हणावं... पण ती उंबरा ओलांडून मांडवात आली.

"खा, बाबा," ती म्हणाली. "आपण नको म्हणायला शिकलो ते रोजच्यासाठी. आज समीक्षाताईंचं आहे. फक्त चावू नका, जिभेवर ठेवा. चव लागली पाहिजे. संध्याकाळी आपण घाटाच्या दिशेनं चालून येऊ."

आजोबांनी तोंड उघडलं. पांडूशेठनी चिमूट घातली. आजोबांनी डोळे मिटले, आणि ते इतका वेळ उघडले नाहीत की पप्पा काळजीने पुढे सरकले.

"झाला," आजोबा म्हणाले. "माझा शब्द झाला."

आता पांडूशेठ उरले. आजोबांनी त्यांच्यापुढे खडा धरला. पांडूशेठनी जानकीबाईंकडे पाहिलं. त्या तीन वाट्यांच्या हिशोबाने पाठ फिरवून उभ्या होत्या. ओमकारकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले. मग त्यांची नजर फिरत फिरत बायकांमध्ये बसलेल्या माझ्या आत्यावर येऊन थांबली. घसा खाकरून झाला. टोपी काढून परत घालून झाली.

"आनि मी?" ते तिला म्हणाले. मग एवढ्या मोठ्या माणसाला जेवढं हळू बोलता येईल तेवढ्या हळू, "मी खाऊ का गो, सूनबाई?"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. समीक्षा आत्या उठली. सकाळपासून मुठीत धरलेली निरी तिने सोडली, तर ती जागच्या जागी चुरगळलेलीच राहिली. ती सरळ चालत ताटापाशी गेली आणि होणाऱ्या सासऱ्यासमोर उभी राहिली.

"जेवणाआधीची गोळी घेतली होती?"

पांडूशेठनी अपराधी मान हलवली. नव्हती घेतली.

"ओमकार, पाणी आण. आणि गोळी."

ओमकार धावला. लग्न ठरायच्या आधी नवरा मुलगा असा धावलेला टोकावड्याने पाहिला नव्हता. पांडूशेठनी सगळ्यांदेखत गोळी घेतली, ज्या गोळीसाठी त्यांनी पोराला डोंगराच्या अलीकडून पलीकडे पाठवलं होतं. मग लहान मुलासारखं तोंड उघडून बसले.

आत्याने आजोबांच्या हातून खडा घेतला, नखाने त्याचा जेमतेम एक कण तोडला आणि पांडूशेठच्या जिभेवर ठेवला.

"येवढाच?" पांडूशेठ म्हणाले.

"एवढाच."

"आनि बाकीचा?"

बाकीचा अख्खा खडा आत्याने स्वतःच्या तोंडात टाकला आणि कडाकडा चावला.

"मला अजून काही नाही," ती म्हणाली, आणि गालात गूळ धरूनच ओमकारकडे बघून हसली.